मीच भरवलेला रोडगा

देवानं पोरगी वाचवली असं लोक म्हणतात, तेव्हा माझं डोकं तडकतं. राग देवावर नाही, स्वतःवर आहे. तिला मरणाच्या दारात कोणी नेलं, हे त्यांना ठाऊक नाही. आज सांगून टाकतो.

गौरी आठ वर्षांची. रक्ताचा कॅन्सर. अकोल्याला किमोच्या फेऱ्या चालू होत्या, मधल्या दिवसांत तिला शेलूबाजारजवळ आमच्या मळ्यावर आणायचो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पांढऱ्या पेशी उतरल्यात, गर्दीत नेऊ नका, सर्दीवाल्याला जवळ येऊ देऊ नका, ताप आला तर घरी औषध देत न बसता तडक या. मी मान डोलावली. पण आजार कळला त्याच दिवशी मी मारोतीला रोडग्यांचा नवस बोललो होतो. अहवाल जरा बरा आला आणि मला घाई सुटली. आमच्याकडे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात, सारं गाव जेवतं, आणि ज्याच्यासाठी नवस, त्याला पारावर बसवून नवस बोलणारा पहिला घास भरवतो.

मला दोन दिवसांपासून सर्दी होती. बायकोनं अडवलं. "तुमी सोता खोकलून राह्यले, अन् पोरीले कायले नेता? रोडगे करा, आमी घरी बसतो." देवाच्या पारावर कोणाला काही होत नसतं, असं मी तिलाच सुनावलं. खरं तर गावासमोर नवस फेडणारा बाप म्हणून मला मिरवायचं होतं. गौरीचा मास्क मीच खाली ओढला. तुपात रोडगा कुस्करला, गरम होता म्हणून फुंकर घातली, आणि भरवला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. तरी मी अंगारा लावून, तापाचं औषध पाजून एक दिवस घालवला. सकाळी श्वासासरशी तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा कुठे आम्ही दोघं तिला घेऊन स्टँडवर धावलो. काळीपिवळी जीप खच्चून भरलेली. तशातच मी घुसत होतो, तर पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात आडवा घातला. मांडीवर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तिनं पोरीचं केस गेलेलं डोकं पाहिलं, माझा खोकला ऐकला.

"बापू, माह्या नातीले बी हेच होतं. लेकराच्या तोंडावर खोकलून राह्यला तू, लाज नाही वाटत?"

मग तिनं सगळ्यांना उतरायला लावलं. एकजण कुरकुरला, त्याला लग्नाला जायचं होतं. "नवरी थांबते, हे लेकरू नाही थांबत," म्हातारी म्हणाली, आणि तीही उतरली. मायलेकींना खिडकीशी बसवलं, मला तोंड बांधून पार मागं. गाडी कुठंही न थांबता अकोल्याला गेली. तिला हात जोडायचंही मला सुचलं नाही.

साधा सर्दीचाच विषाणू फुफ्फुसात उतरला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला आत सोडलं नाही. पाच दिवस दाराच्या काचेतून गौरीच्या नाकावरची नळी बघत उभा होतो. आधी मारोतीशीच भांडलो, तुझ्या पारावर असं झालंच कसं? काच माझ्याच श्वासानं धुरकट व्हायची, मी पुसायचो, पुन्हा व्हायची. मग भांडण सोडलं. तू सांभाळ, एवढंच म्हणालो. सहाव्या दिवशी नळी निघाली.

पण गावाला दोषी हवा होता. रोडग्यांच्या धुरानं माझी धाकटी भावजय शिंकली होती, तिच्यावर खापर फुटलं. मी आठ महिने गप्प बसलो. मागच्या आठवड्यात जाऊन तिला खरं सांगितलं. ती मेथी बांधत होती.

"भाऊजी, माह्या हातचं पाणी बी कोणी घेत नोतं. हे तुमाले दिसत होतं ना?"

दिसत होतं, म्हणालो. तिनं मेथीची पुढची जुडी बांधायला घेतली. तिनं मला माफ केलं नाही आणि मी माफी मागितलीही नाही.

त्या म्हातारीला बाजारोबाजार शोधलं, सापडली नाही. तिला मारोतीनं पाठवलं की ती आपली सांभार विकायला निघाली होती, मला सांगता येत नाही. कृपा आली ती मला शिव्या देत आली, आणि उपकारच झाले. देवावर सोडायचं म्हणजे आपली अक्कलही त्याच्या दारात टाकून यायची असं नाही, एवढं मला फार उशिरा उमगलं.

परवा मला पुन्हा सर्दी झाली. अंथरूण उचललं आणि मळ्यातल्या खोपीत राहायला गेलो. मारोतीला हात तिथूनच जोडतो.