साफ केलेलं गाणं

आमचं गाणं आता 'अनप्लग्ड' झालं आहे. म्हणजे त्यात आमचं जे काही होतं, ते सगळं काढून टाकलं आहे.

हे गाणं आमच्या टेमघर वस्तीतलं, माझ्या मित्राच्या वडिलांच्या लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या कारखान्यातलं. मित्र गायचा, मी गिटार बडवायचो. ड्रम नव्हता आणि असता तरी वाजवायला कोणी नव्हतं. म्हणून चालू लूमच्या मध्ये उभं राहून त्या खडखडाटावरच आम्ही ताल धरला आणि तसंच रेकॉर्ड केलं. गाणं बोंबलूनच म्हणावं लागायचं. ऐकणाऱ्यांना ती रॉकची स्टाइल वाटली. डोंबलाची स्टाइल! लूमवाल्यांच्या घरी जेवताना मीठसुद्धा ओरडून मागतात.

मित्राच्या वडिलांना मी चाचा म्हणतो. त्यांचे कान लूमने कधीच खाल्ले होते. तरी आमचं गाणं लागलं की ते स्पीकरवर तळहात ठेवून बसायचे आणि मान डोलवायचे. कारखाना विकल्यावर तर रोजच. "बराबर चालतंय," म्हणायचे.

मित्र अंधेरीला जाऊन कलाकार झाला. तिथे त्याला म्हणे शांततेचा शोध लागला. यंदा त्याने तेच गाणं नव्याने केलं: बासरी, पियानो आणि घशात कापूस कोंबल्यासारखी कुजबुज. लूम कुठे गेले विचारलं तर म्हणाला, "अरे, तो नॉइज होता. क्लीन केला." वर जुनं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून काढून टाकलं, लोकांनी तुलना करू नये म्हणून. ज्या आवाजावर वाढला, त्याचीच याला लाज. मला त्याची किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

मग महाशयांचा मेसेज आला: "अब्बांना ऐकव. रिअ‍ॅक्शन शूट कर, रील टाकू." स्वतः का येत नाहीस विचारलं, तर म्हणे वाटेत धामणकर नाक्याला फार ट्रॅफिक असतं.

गेलो, पण चाचांसाठी. फोन समोर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्पीकरवर गाणं लावलं. चाचांनी नेहमीसारखा तळहात ठेवला. थोडा वेळ तसेच बसले. हात उचलून पुन्हा ठेवला.

"बंद हाय हा. चालू कर की."

"चालूच आहे, चाचा," मी ओरडलो आणि हातानेही खूण केली.

त्यांनी दुसरा हातही ठेवून पाहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मग लूम कुनी बंद केले?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. व्हिडिओ जसाच्या तसा त्यांच्या मुलाला पाठवला.

लगेच उत्तर आलं: "मस्त आलाय. फक्त अब्बांचं बोलणं म्यूट करून परत पाठव ना."