कुणाच्या विहिरीचं पाणी

टँकर गेटात शिरला की आमचे वॉचमनकाका आधी ओंजळभर पाणी घेत, त्याचा वास घेत आणि चालकाकडे रोखून बघत विचारत, "कुनाच्या हिरीचं हाय?" चालकाने उत्तर टाळलं की त्यांचा संशय पक्का.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा माणूस असेल. पण आमचे काका मूळचे इथलेच. पुण्याच्या या कडेला जिथे आमच्या तीन इमारती आहेत, तिथे त्यांचं कांद्याचं शेत होतं. कुंपणापलीकडचा तुकडा आणि विहीर धाकट्या भावाच्या वाट्याला गेली. भावाने शेती सोडली, जमिनीवर काँक्रीट ओतलं आणि विहिरीवर टँकर भरायला सुरुवात केली. दोघांत बोलणं नव्हतं.

मी नारायण पेठेतून इथे आलेला, सोसायटीचा सेक्रेटरी. एका दुपारी काका आमच्या बोअरच्या पाइपात दगड बांधलेली दोरी सोडताना दिसले. मला वाटलं, टँकरवाल्यांशी यांचं साटंलोटं आहे, मोटर बिघडवतायत. मी दबकत मागे जाऊन उभा राहिलो. ते दचकले नाहीत. दोरी कुठपर्यंत भिजली ते दाखवून म्हणाले, "भावाकडं टँकर भराय लागले की आपलं पानी खाली जातं. आपलंच पानी आपन इकत घेतोय, सायेब."

पूर्वी त्या विहिरीचं पाणी शेतात फिरायचं, त्यातलं थोडं पुन्हा जमिनीत मुरायचं. आता जातं ते जातंच, असं त्यांचं म्हणणं. भावाला सांगून चार दिवस त्याचे टँकर बंद ठेवून बघा, एवढंच ते मागत होते.

मी कमिटीत हे मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "वाटणीचं भांडण आहे ते. उद्या हे ढगांकडेही सातबारा मागतील." सगळे हसले. मीही. पुढच्या महिन्यात, घरचं भांडण सोसायटीत नको म्हणून, काकांना कामावरून काढलं. कागदावर सही माझी होती.

एप्रिलमध्ये त्या भावाच्या घरी लग्न निघालं आणि चार दिवस टँकर थांबले. मला राहवेना. मी स्वतः बोअरमध्ये दोरी सोडून पाहिली. पाणी रोज थोडं वर येत होतं. पाचव्या दिवशी टँकर सुरू झाले, संध्याकाळपर्यंत ते पुन्हा खाली गेलं. मे महिन्यात आमची बोअर आटली, मागोमाग ती विहीरही.

काका मार्केट यार्डात एका गाळ्यावर राखणीला आहेत असं कळलं, म्हणून माफी मागायला गेलो. तीच शेवटची भेट. दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तर तिथे दुसराच माणूस होता.

त्या शेवटच्या भेटीत मी बोअर आटल्याचं सांगितलं. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्यांनी फक्त भावाच्या विहिरीचं विचारलं. तीही कोरडी पडली, म्हणालो.

ते शेजारच्या गोणीवर टेकले.

"हीर खनताना आमच्या आईनं डोक्यावर माती वाहिली व्हती तिची," ते म्हणाले, आणि टोपी काढून तोंड पुसत बसले.