पाटाची गाडी

मोठी माय कुठलीही वस्तू पारखायला गेली की त्या वस्तूकडे मुळी बघतच नसे. मडकं घ्यायचं तर ती मांडलेली मडकी सोडून कुंभाराच्या घरात डोकावे, आणि त्याच्या घरचं पिण्याचं पाणी कशात भरलंय ते पाहून येई. बाजारात वांग्यांचा ढीग समोर असला तरी तिचं लक्ष विकणारीच्या पोरांकडे. "तिन्हा पोरे ह्या वांगा खातस का, ते इचार पह्यले," असं मला म्हणे. मी धुळ्याची, शाळा शिकलेली, मला हे सगळं फार विनोदी वाटे. पण तिने आणलेलं वांगं कधी किडकं निघालं नाही, हेही कबूल करायला हवं.

ती माझी चुलत सासू. मामंजींच्या थोरल्या भावाची बायको. घरात आणि सगळ्या ब्राह्मणपुरी गावात ती मोठी माय, आणि तिचा नवरा मोठे बाबा. मोठे बाबा इतके अबोल की त्यांना काही विचारलं तर उत्तर मोठी मायच देई आणि ते मान हलवून सही करत. दिवसभर ते शेतात, संध्याकाळी ओट्यावर, आणि दोन्हीकडे तसेच गप्प.

मलाही मोठी मायनेच पसंत केलं होतं. सासरची मंडळी मला बघायला रीतसर दुपारी आली, मी रीतसर पोहे दिले, पण त्याच्या आधीच एका सकाळी एक जाडजूड बाई आमच्या शेजारणीकडे पाणी प्यायला म्हणून आली होती आणि बराच वेळ पाणीच पीत बसली होती, हे आईला मागाहून कळलं. "दुपारनी वखतले पोर देखाले जावानं नही," हे तिचं शास्त्र. "दुपारले तं भूतबी पावडर लाईसन बठस. देखनं व्हई तं सकायले, चूल पेटाना पह्यले." एकदा मी लाडात येऊन विचारलं, "मग मोठी माय, माझ्यात काय पाहिलंस?" ती म्हणाली, "तुन्हामा काय देखनं व्हतं? मी तुम्हनी मांजर देखी. मानूस जवळ उना तरी ती हालनी नही. त्या घरमा कोनी हात उचलत नही, इतलं माले समजनं." म्हणजे माझं लग्न आमच्या मांजरीमुळे जमलं.

पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं तिने अशी जमवली. पण लग्न जमवायला मोठी माय आणि लग्न लावायला दुसऱ्या बायका, अशी तिची वाटणी होती. कारण ती पाटाची. लहानपणीच विधवा झालेल्या मोठी मायचा मोठ्या बाबांशी पाट लागला होता. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणत, आणि तो लागे अंधारात. वाजंत्री नाही, वरात नाही, सकाळी उठून गाव बघतो तर घरात सून आलेली. अशा बाईला नवरा जिवंत असला तरी हळदीला, ओवाळणीला, ओटी भरायला कुणी पुढे बोलवत नसे. मी माप ओलांडून घरात आले तेव्हा माझ्या दुतर्फा बायकांची ही दाटी होती, आणि मला निवडणारी ती मात्र माजघराच्या भिंतीला टेकून उभी होती. मला ते तेव्हाच खुपलं. तिला विचारलं तर म्हणाली, "माले गरम व्हस त्या गर्दीमा."

त्या वर्षी कापसाने हात दिला आणि मामंजींनी मोटार घ्यायचं मनावर घेतलं. माझ्या दोघी नणंदा शहाद्याच्या शाळेत जायच्या वयाच्या झाल्या होत्या, मामंजींची नंदुरबारची कामं वाढली होती, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या गावात एक मोटार आली होती. नवी गाडी म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं, आणि तेवढा पैसाही नव्हता. जुनीच बघायची ठरली. रात्री जेवताना मामंजी हसत म्हणाले, "जुनी म्हंजे काय, पाटनीच गाडी व्हयनी!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मोठी माय भाकरी वाढत होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पदर तोंडाला लावला, मोठे बाबा ताटात बघू लागले. मोठी मायने मामंजींच्या ताटात भाकरी टाकली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "भाऊ, पाटनी म्हंजे टाकेल नही. पाटनी म्हंजे पारखेल." मामंजी स्वभावाने सरळ माणूस. त्यांनी मुकाट्याने तूप-भाकरी खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, मंग गाडी तुम्हीच पारखा."

पहिली गाडी विसरवाडीला, एका लाकडाच्या ठेकेदाराची. मामंजी, आमचे हे, मोठी माय आणि सोबतीला मी, असे चौघे बसने गेलो. यांनी धुळ्याला असताना मोटार चालवायला शिकून घेतलं होतं, त्यामुळे ते जाणकारासारखे पुढे. गाडी हिरवीगार, लांबलचक, आरशासारखी. मी तर मनातल्या मनात तिच्यात बसून माहेरीसुद्धा जाऊन आले. मोठी मायने गाडीकडे पाठ केली आणि ओट्याकडे बघत उभी राहिली. ठेकेदाराने किल्ली घेऊन गाडीचं दार उघडलं मात्र, ओट्यावर विडी ओढत बसलेले तीन गडी कुणी न सांगता उठले, विड्या विझवून कानावर ठेवल्या आणि गाडीच्या मागे जाऊन हात टेकून उभे राहिले. मोठी माय मामंजींना म्हणाली, "चाला भाऊ. हाई गाडी पेट्रोलवर नही चालस, या तीन गडीस्वर चालस." ठेकेदार मागून बराच वेळ ओरडत होता, की आज थंडीमुळे तसं झालं. पण तो चैत्र होता.

दुसरी गाडी नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. तिथे मोठी मायने आम्हाला मुक्काम करायला लावून भल्या सकाळी, न कळवता नेलं. गाडी लहानशी, रंग उंदराचा, तोही जागोजागी गेलेला. डॉक्टरीणबाई अंगणात रांगोळी काढत होत्या, अगदी गाडीच्या चाकाला खेटून. मोठी माय खाली बसली. मला वाटलं रांगोळी बघतेय, पण ती गाडीखालची जमीन बघत होती. सारवलेली जमीन स्वच्छ, तेलाचा एक डाग नाही. मग तिने डॉक्टरांना काहीच विचारलं नाही, डॉक्टरीणबाईंशेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "काय खोड शे वं माय, तुम्हनी गाडीनी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "डावीकडचं मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून कुणीतरी उघडावं लागतं. आणि चढावर हिला घाई केलेली आवडत नाही."

"मालेबी नही आवडस," मोठी माय म्हणाली. "इकी काबर ऱ्हायनात मंग?"

मुलगा सुरतेला बोलावतो आहे, त्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही, असं सांगता सांगता त्या बाईंचा आवाज ओला झाला. रांगोळीचं बोट त्यांनी डोळ्याला लावलं आणि गालावर पांढरी रेघ उठली. तेवढ्यात यांनी हँडल मारलं आणि त्या गार पहाटेच्या अंगणात गाडी पहिल्या फटक्याला बोलू लागली. पण मोठी मायचा निकाल त्याच्या आधीच लागला होता. परत येताना तिने मला सांगितलं, "देतांना जिन्हाकरता मानूसना डोयाले पानी येस ना पोरी, ती वस्तू घेवानी."

व्यवहार झाला. गाडी आणायला आम्ही पुन्हा चौघे गेलो. नंदुरबारहून निघून तापी ओलांडली, प्रकाशाला चहाला थांबलो, आणि तिथे मामंजी आमच्या यांना हळूच म्हणाले, "शहाद्यामा थांबी लेऊ थोडं. दिवाबत्ती व्हयनी का मंग गावमा जाऊ. लोके उगा हासतीन. सकायले दारमा उभी दिसनी म्हंजे झायं."

मागच्या सीटवर मोठी माय माझ्याशेजारी बसली होती. सबंध रस्ता तिचं तोंड सुरू होतं, ते एकदम बंद झालं. मग ती म्हणाली, "भाऊ, माले तुम्ही कवय आनी व्हती?"

बशीतला चहा मामंजींच्या हातातच राहिला.

"रातले आनी व्हती," तीच म्हणाली. "वाजा नही, गाजा नही. मी तवय काय बोलनी नही. आज लगून बोलनी नही. पन हाई गाडी मी पसंत करेल शे. हाई दिवसा जाई."

मामंजींनी चहा तसाच ठेवला. शहाद्यात शिरल्यावर त्यांनी यांना बाजारात गाडी उभी करायला सांगितली, खाली उतरले आणि परतले ते सनई आणि डफवाल्यांना घेऊन. गाडीत त्यांना जागा नव्हती. मग ते दोन्ही बाजूंना दारांखालच्या पाय ठेवायच्या फळीवर उभे राहिले आणि आम्ही ब्राह्मणपुरीची वाट धरली. ऊन डोक्यावर होतं. गावाच्या शिवेवर मोठे बाबा शेतातून येत होते. सनई ऐकून ते बाजूला सरून उभे राहिले, कुणाची तरी वरात जातेय म्हणून. मामंजींनी गाडी थांबवायला लावली, मोठ्या बाबांना जागा द्यायला आम्ही दोघी खाली उतरलो, आणि मामंजींनी स्वतः दार धरून भावाला मागच्या सीटवर, नेमकं डावीकडे, बसवलं. आम्ही बायका वाजंत्र्यांच्या मागे चालत निघालो.

दारात सगळं गाव लोटलेलं. आत्याबाई ताट घेऊन उभ्या. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजेसासू काठी आपटत म्हणाल्या, "सवासिन बाया पुढे या वं!" आणि मी पाहिलं, की इतकं सगळं करूनही मोठी माय सवयीने भिंतीकडे सरकली. मामंजींचा जेवतानाचा विनोद गावभर झाला असावा, कारण गर्दीतून कुणीतरी थट्टेने ओरडलं, "पाटनी गाडीले कसानं ओवाळनं?"

मोठी माय थांबली, वळली, आणि आत्याबाईंच्या हातातलं ताट तिने घेतलं. "खरं बोलना रे भाऊ," ती म्हणाली. "लगीननी बाया, तुम्ही सरका. पाटनी गाडीले पाटनीच ओवाळी."

आणि असा हशा उठला की डफवाल्याला तालाचं भान राहिलं नाही. सगळ्यांत मोठ्याने मामंजी हसले. आजेसासूंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही. मोठी मायने गाडीला कुंकू लावलं आणि ओवाळायला लागली. आत मोठे बाबा उतरायची खटपट करत होते, पण ते दार आतून कुठे उघडतंय! ओशाळून ते काचेतून म्हणाले, "मी... बठीच ऱ्हाऊ का मंग?" त्यांच्या तोंडून सबंध वाक्य मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

"बठा," मोठी माय म्हणाली. "आते कोठे जातस?"

आणि ताट गाडीभोवती फिरवता फिरवता तिने ते त्यांच्याभोवतीही फिरवलं. भर दुपारी, सनई वाजत असताना, सगळ्या गावादेखत. मी पदराआड हसत होते आणि रडतही होते, दोन्ही एकदम.

त्या दिवसानंतर सगळं पालटलं, असं काही झालं नाही. आजेसासूंनी शेवटपर्यंत तिला सवाष्णींत धरलं नाही. पण आमच्या घरात पहिली हळद कुणी लावायची हा प्रश्न संपला. थोरल्या नणंदेच्या लग्नात मामंजींनी सगळ्यांदेखत हाक मारली, "वहिनी, सुरुवात तुम्ही करा," तेव्हा तिने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि पुढे आली. माझ्या मुलाला पाळण्यात घातलं तेही तिनेच. गाडीने म्हणाल तर दोघी नणंदांना शाळेत नेलं, पुढे त्यांच्या सासरी पोचवलं, आणि चढावर तिला कुणीही कधी घाई केली नाही.

मोठे बाबा गेल्यावर काही वर्षांनी ती गाडी विकायची वेळ आली. तोपर्यंत मोठी मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, माणसं ती आवाजावरून ओळखे. तळोद्याचा एक तरुण दुकानदार गाडी बघायला आला, आणि तोही दिवेलागणीला, पाहुण्याने मुलगी बघायला यावं तसा भांग पाडून. मोठी मायने त्याला दाराची खोड सांगितली, चढाची सांगितली. सौदा पटला आणि तो लगेच निघायला लागला, म्हणाला, घरी सगळे वाट बघताहेत.

"आते नही," मोठी माय म्हणाली. "जेव, ओटावर झोप. सकायले ली जा."

त्याला वाटलं म्हातारी पाहुणचाराला पक्की आहे. सकाळी तिने चाचपडत गाडीला कुंकू लावलं, पुढच्या सीटवर खण-नारळ ठेवला, आणि टपावरून हात फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंसुद्धा नाही. तो मुलगा बिचारा हँडल हातात धरून खोळंबला होता.

"ऊन पडनं का वं पोरी?" तिने मला विचारलं.

"पडलं, मोठी माय. चांगलं अंगणभर पडलंय."

"मंग जाऊ दे," ती म्हणाली आणि गाडीवरचा हात काढून घेतला.