आईच्या कमरेची मशीन

उसाच्या मोळ्या वाहून आईची कंबर गेली होती. केजच्या डॉक्टरांनी सेलवर चालणारी एक छोटी मशीन सुचवली. तिच्या पट्ट्या कमरेला चिकटवायच्या, हलका करंट सोडायचा, दुखणं दबतं. पण लावली की पडून राहायचं, कंबर वापरायची नाही. मी मशीन आणून दिली आणि हे तिला बजावून बजावून सांगितलं.

त्या वर्षी दुष्काळ होता, वडवणीजवळच्या आमच्या गावाला पाण्याचा टँकर यायचा. सुट्टीला गेलो तेव्हा टँकरचा हॉर्न वाजला आणि आई पट्ट्यांसकट उठली. मशीन निऱ्यांत खोचली, हंडा डोक्यावर घेतला.

"अगं, ही पडून राहायला हाय!" मी ओरडलो.

"मुंग्या आल्यावानी हुतं, मग दुखत न्हाई," ती खुशीत म्हणाली. "आता पाणी लई आणता येतं."

माझं डोकंच फिरलं. पण घरात थेंब नव्हता आणि हंडा ती मला कधी उचलूच देत नसे.

संध्याकाळी मुकादम आला. सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला तो गावातून टोळी न्यायचा. मी आधीच सांगितलं, "आई यंदा येणार न्हाई. कंबर बघा तिची." पुरावा म्हणून मशीन त्याच्या हातात दिली.

त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "भारी चीज हाय. मावशी, उसाच्या फडावर येताना संगं घ्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनंच त्याला विचारलं, "तिकडं हिचे सेल मिळत्यात का?"