पूर्ण मागे जाणारी खुर्ची

व्हर्नन स्टॅशियाक आणि मी फिलाडेल्फियाहून रोमला विमान न्यायचो. एवढ्या लांबच्या उड्डाणाला तीन वैमानिक असतात. दोघं चालवतात, एकजण आळीपाळीने मागे जाऊन पडतो. आमच्या वैमानिक संघटनेच्या कंपनीशी झालेल्या करारात लिहिलं होतं, 'विश्रांतीसाठी प्रवाशांपासून वेगळी, पूर्ण मागे जाणारी खुर्ची.' कंपनीतल्या महाभागांनी शेवटच्या रांगेतली, संडासाला खेटलेली खुर्ची दिली आणि पुढे पडदा टांगला. झालं वेगळं!

व्हर्नन नेब्रास्काच्या शेतावर वाढलेला, ताडमाड माणूस. गुडघे पोटाशी घेऊन तिथे बसायचा. पडदा सारून लोक विचारायचे, "तुम्ही रांगेत आहात का?" एका बाईने तर आत कागद संपला म्हणून त्यालाच झापलं. मग एका सकाळी रोमला उतरताना त्याचा डोळा लागला. शेजारी मी होतो, खांदा हलवला. विमान नीट उतरलं. कुणाला कळलंही नसतं, पण व्हर्ननने स्वतःच कंपनीला कळवलं.

संघटनेने खुर्चीचं प्रकरण लवादाकडे नेलं. विमानतळाजवळच्या हॉटेलात सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने व्हर्ननला विचारलं, "कॅप्टन, खुर्ची मागे जाते की नाही?"

"जाते. चार बोटं."

"म्हणजे तिला जेवढं जाता येतं तेवढं जाते. पूर्णच झालं ते."

"अहो, मागे भिंत आहे!"

"भिंतीबद्दल करारात काही नाही. झोपेबद्दलही नाही. शब्द विश्रांती असा आहे."

"मग मी तिथे बसून काय करू? लोकांना संडास दाखवू?"

लवाद म्हणजे एक म्हातारे निवृत्त न्यायाधीश. तेही हसले. निकाल आमच्या बाजूने लागला: वैमानिकाला पुढच्या महागड्या भागात, आडवी होणारी खुर्ची.

आमच्या संघटनेचा अध्यक्ष कीथ लुंडग्रेन याने बिअर पाजली, छाती फुगवून भाषण ठोकलं. मग नवं कलम लिहायला तो कंपनीबरोबर बसला आणि त्यात एक शब्द घुसला. शक्यतो.

"कीथ, हे 'शक्यतो' कुठून आलं?" मी विचारलं.

"अरे, नुसता शोभेचा शब्द आहे. वकिलांना बरं वाटतं."

महिन्याभरात कंपनी ती खुर्ची प्रवाशांना विकायला लागली.

एकदा विमान भरलेलं होतं आणि आमच्या खुर्चीत एक गृहस्थ शॅम्पेन घेत बसले होते. व्हर्ननने ते पाहिलं आणि दारातच थांबला. "मी हे विमान नेणार नाही. झोप मिळाली नाही, तर उतरवताना मी धड नसेन. ते आत्ताच सांगतो."

थकव्याचं कारण दिलं की कायद्याने वैमानिकावर सक्ती करता येत नाही. व्यवस्थापक धावत आला. "शक्यतो म्हटलंय करारात!"

"मग मीही शक्यतो उडवतो. आज शक्य नाही."

त्या गृहस्थांना कुरकुरत उठावं लागलं. विमान उशिरा सुटलं. व्हर्ननला लेखी ताकीद मिळाली आणि आमचा वाघ लुंडग्रेन मूग गिळून बसला. पुढे तो कंपनीतच उपाध्यक्ष झाला. टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला जायला त्याला फारसं चालावं लागलं नसावं.

पण आम्ही बाकीचेही व्हर्ननसारखेच दारात थांबायला लागलो, आणि काही आठवड्यांत खुर्ची विकणं बंद झालं. व्हर्नन निवृत्त होईपर्यंत तिच्यात झोपला. इतका घोरायचा की आसपासचे प्रवासी तक्रार करायचे.