दाताखालचं तळं

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी केशोरीच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. शप्पथ सांगतो, हातातल्या चहाचा बर्फ झाला... पाच आठवडे झाले. रडून झालं, आता त्याची फुशारकी मारतो. त्याने स्वतःची कधी मारली नाही, ते काम शाळेपासून माझ्याकडेच होतं.

उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की लोक शेतात टाकायला गाळ खणत, आणि यशवंत त्या खणलेल्या भिंतीत नाक खुपसून बसे. काळ्या गाळात पापडासारखे रेतीचे पदर असत. पुढे तो तेलविहिरींवर भूवैज्ञानिक झाला, तरी दगड दिसला की दाताखाली घ्यायचा. चिखलाचा दगड लोण्यासारखा लागतो, रेतीचा करकरतो. निवृत्तीपर्यंत त्याने एक टेकडी तरी फस्त केली असेल.

तो राजस्थानात नोकरीला असताना तांदळाचं पोतं घेऊन मी त्याच्याकडे गेलो, नेमकं त्याच दिवशी त्याची तेलविहीर बंद करायचं ठरत होतं. चार वर्षं भांडून मिळवलेली विहीर! खालून काढलेला दगडाचा दांडा टेबलावर होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ. विहिरीत सोडलेल्या यंत्राच्या आलेखात मात्र सगळा चिखलच.

"यशवंतजी, ये तो पत्थर है. तेल बहेगा कहाँ से?" साहेब म्हणाले. बोलत हिंदीत, पण मराठी त्यांना समजायची.

यशवंतने कपची तोडून दाताखाली धरली. करकर! गोंदियापर्यंत ऐकू गेली असेल.

"साहेब, मशीनले जाड थर दिसते, कागदाएवढे पदर दिसत नाही. काळा गाळ तेल बनवते आन् शेजारच्या रेतीच्या पदरात ठेवते. पुढं जायले वाटच नाही त्याले. पाणी दाबानं घुसवा, भेगा पाडा. नाही निघालं तं नोकरी सोडून मी केशोरीले धानाचे रोवणे करतो."

"नको साहेब," मी मध्येच बोललो, "रोवण्यात हा बायांच्या मागं राहते!"

साहेब हसले, आणि त्या हसण्यात विहिरीला एक संधी मिळाली. निम्मं श्रेय माझं.

मी मुक्काम वाढवला. तिसऱ्या आठवड्यात आधी पाणी, मग फेस, मग मेणासारखं दाट काळं तेल आलं. मी सांगतो कारंजं ताडाएवढं, यशवंत म्हणायचा, "नळाएवढं होतं बे." लोकांना माझंच पटतं.

परवा त्याच्या घरी गेलो. खिडकीत त्या दांड्याचा तुकडा होता. माझा हात तिकडे जाताना वहिनींनी पाहिलं.

"लाजता कायले, भाऊजी? तेरवीपासून आलेला हरेक माणूस चावून पाहते. तुमच्यासाठी धुऊनच ठेवला."

चावला. करकरला.