तिसऱ्या हाकेला ओ

डोळखांबच्या बाजूला मी गेले ती एका शाळेचा कॉम्प्युटर परत आणायचा की तिथेच ठेवायचा, हे ठरवायला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शाळेत कॉम्प्युटर आणि इंटरनेट आल्याने मुलं जास्त शिकतात का, हे पाहण्याचं आमचं काम होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही शाळांना आम्ही एकेक यंत्र दिलं होतं. इंटरनेट मात्र शहापूरच्या सायबर कॅफेपर्यंतच पोचलं होतं. गुरुजी महिन्याची माहिती फ्लॉपीवर घालून तिथे नेत आणि आम्हाला मेल करत.

यंत्र एक, मुलं पुष्कळ आणि दांडगी पोरं खुर्ची सोडायला तयार नाहीत, म्हणून आम्ही एक सोय केली होती. कॉम्प्युटरच मुलाला नावाने हाक मारायचा. मुलाने येऊन कीबोर्डवरचं लांब बटण दाबलं की त्याची पाळी सुरू. नाही आला तर दुसरी हाक, मग तिसरी, मग पुढचं नाव. शहरी आवाजाला मुलं बुजतात, म्हणून हाका त्या त्या शाळेतल्याच एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीकडून भरून घेतल्या होत्या. मूल कितव्या हाकेला येतं, त्यावरून त्याची गोडी आम्ही मोजत होतो.

डोळखांबकडच्या त्या पाड्यावरची मुलं आधी पहिल्या हाकेला धावायची. पावसाळ्यानंतर मात्र झाडून सगळी तिसऱ्या हाकेला येऊ लागली. ऑफिसचं मत तयार होतं: नवलाई संपली, यंत्र मुरबाडकडच्या दुसऱ्या शाळेला द्या. मी म्हटलं, आधी बघून येते. एका सहकारी बाईच्या आवाजात नव्या हाका भरलेली सीडी बरोबर घेतली. जुन्या आवाजाचा कंटाळा आला असेल तर तेवढ्याने भागेल, असा माझा हिशेब.

पहिला थांबा म्हशाजवळची शाळा. तिथल्या बैलबाजाराच्या जत्रेला अवकाश होता, पण गावात बोलणं बैलांचंच. तिथली मुलं हाक पुरी होण्याआधीच खुर्चीवर आदळत होती. एकाने तर दुसऱ्याच्या नावाला उडी मारली आणि वर मलाच सांगितलं, "तो झोपतो, मॅडम." जेवायला वालाची आमटी आणि तांदळाची भाकरी मिळाली. संध्याकाळी शहापूर गाठलं आणि ओळखीच्यांकडे मुक्काम केला.

सकाळी जीपने डोळखांब. तिथून पुढे चालत. चढणीवर चपलेचा अंगठा तुटला. वाटेत गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने तो सुतळीने बांधून दिला. कुठं चाललात, असं त्याने विचारलं, तेव्हा मी शाळेचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "जिथं पोर बोलतं ती?" मी म्हटलं, सगळ्याच शाळांत पोरं बोलतात. तो काही हसला नाही. भारा उचलून खालच्या वाटेला लागला.

पाडा लागला तेव्हा ऊन चढलं होतं. बरीच घरं बंद होती, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. खळी (मळणीसाठी सारवलेल्या जागा) झाडून ठेवलेली, कडेला पेंढा रचलेला. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. शाळेचं दार उघडं होतं, पण शाळेचा आवाज येत नव्हता. मी वाकून पाहिलं तर मुलं भिंतीला पाठ लावून बसली होती. समोर कॉम्प्युटर चालू आणि खुर्ची रिकामी.

गुरुजी सांगलीकडून बदली होऊन आलेले, तरुण, बोलायला मोकळे. त्या दिवशी मात्र त्यांनी नुसतं बसा म्हटलं.

"वनिता," कॉम्प्युटरने हाक मारली. मुलीचा आवाज, थोडा लाडिक. कोणी हललं नाही. वनिता कोण ते मला लगेच कळलं, कारण तिने श्वास रोखला होता. दुसरी हाक आली. तरी नाही. तिसऱ्या हाकेला ती उठली आणि तिने बटण दाबलं. मग काशिनाथ, त्याचंही तेच. अभ्यासात दोघंही चलाख होती. कंटाळलेली मुलं अशी नसतात.

मग तो आवाज म्हणाला, "सुगंधा."

सगळी मुलं खुर्चीकडे बघत राहिली. पुन्हा "सुगंधा." पुन्हा. तिसऱ्या हाकेनंतर खिडकीबाहेरून, शेजारच्या घराच्या पडवीतून, कोणा बाईने शांतपणे उत्तर दिलं, "ओ." तेव्हा मुलं जरा सैल झाली आणि यंत्राने पुढचं नाव घेतलं.

सुगंधा पावसाळ्यात पान लागून (साप चावून) गेली होती. हाका तिच्याच आवाजातल्या. मुलांची यादी आम्ही कुलूपबंद केलेली, म्हणून गुरुजींना तिचं नाव काढता येत नव्हतं. कळवलं का नाही, असं मी विचारलं.

"मेलमध्ये काय लिहू, मॅडम? तुम्ही यंत्र घेऊन गेला असता."

तिसऱ्या हाकेचं काय, ते काशिनाथने सांगितलं. भूत एकदाच हाक मारतं. ओ दिली की घेऊन जातं. दुसऱ्यांदा त्याला हाक मारता येत नाही, म्हणून या बाजूला माणसं तीन हाका होईपर्यंत थांबतात. मी म्हटलं, अरे, हे यंत्र आहे.

"मशिन हाय ते ठावं हाय," तो म्हणाला. "पन आवाज तिचा हाय ना."

दुपारी ताराबाई, म्हणजे सुगंधाची आई, हिच्या पडवीत बसले. तिने नाचणीची भाकरी आणि सुकट समोर ठेवली. मी आडवळणं घेत नाही. तिला सांगितलं की मुलं अशीच उशिरा उठत राहिली तर यंत्र जाईल. आवाज बदलला तर राहील, पण मग सुगंधाचा आवाज जाईल. काय करू?

तिने भाकरीचा आणखी एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लोक बोलतात भूत हाय. भूत एकदा बोलवतं, बाय. माझी पोर तीनदा बोलवते." आणि भाकरीचं टोपलं झाकत, "पन पोरांचं शिकनं नको जायाला. नवा आवाज कुनाचा?"

मी सहकारी बाईचं सांगितलं.

"शेरातली बाय आमच्या पोरांना कशी हाक मारल? मी मारते."

वीज होती तोवर काम उरकायचं होतं. मी मायक्रोफोन लावला. ताराबाई खुर्चीवर बसली नाही, उभी राहिली आणि शेतातून मारावी तशी एकेक हाक मारत गेली. यादी संपली. सुगंधाचं नाव मी काढून टाकते, असं म्हटलं.

"नको. येवढे दीस ती बोलवायची, मी ओ द्यायची. आता मी बोलवते."

तिने हाक मारली. ती नेहमीच्या आवाजात होती, म्हणूनच ऐकवली नाही.

नव्या हाका घालून मी यंत्र चालवून पाहिलं. "वनिता." वनिता पहिल्याच हाकेला उठली. काशिनाथ तर धावला. गुरुजींचा चेहरा उजळला. ताराबाई दाराला टेकून बघत होती.

"सुगंधा."

मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. ती आली नाही. पडद्यावर धड्याचं चित्र उघडलं, म्हणजे कोणीतरी बटण दाबलं होतं. खुर्ची रिकामी होती. सगळ्यात जवळचं मूल माझ्याही मागे होतं.

"आली," ताराबाई म्हणाली. तिच्या आवाजात नवल नव्हतं, थोडी तक्रार होती. "जिती होती तवा पयल्या हाकेला कदी आली नाय."

पाळीचा वेळ संपेपर्यंत चित्र तसंच राहिलं. मग पुढचं नाव आलं.

मी कीबोर्ड उचलून उलटा आपटला. भाताचं तूस पडलं. तूस अडकलं की बटण आपोआप दाबलं जातं, असं मी सगळ्यांना समजावलं. गुरुजींनी जोरजोरात मान हलवली. बाकी कोणी नाही. माझ्याकडचा जादा कीबोर्ड जोडून दिला, जुना पिशवीत टाकला आणि शेवटची जीप गाठली.

यंत्र तिथेच राहिलं. अहवालात मी लिहिलं की मुलांची गोडी कमी झालेली नाही, हाक मारण्याची रीत गावाला धरून हवी. ऑफिसला ते आवडलं. पुढच्या महिन्यांच्या माहितीत मुलं पहिल्या हाकेला येत असल्याचं दिसलं. सुगंधाच्या नावापुढे काय आहे, ते मी पाहिलं नाही. जुना कीबोर्ड मात्र घरी जोडून पाहिला, तूस न झाडता, झाडून, वाकडा करून, आपटून. बटण एकदाही अडकलं नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मी ओ दिली. तो वैतागून म्हणाला, ऐकू येत नाही का?

म्हटलं, पहिल्या हाकेलाच आलं होतं.